कॅ.चा कै.

"दयारामतात्या कधी गेला?"

शनिवारी सकाळी आठ वाजता भागोजीचा फोन आला, तेव्हा सिद्धेशच्या हातात चहात बुडवलेला पाव होता.

"गेला? कुठं गेला?"

"कुठं म्हंजे? वर."

पावाचा भिजलेला तुकडा कपात गळून पडला. सिद्धेश उभा राहिला. "कोण म्हणालं तुला?"

"तूच की, मास्तर! नाक्यावं एवढा मोठा बोर्ड हाय. कै. दयाराम. चंदनाचा हार घातलाय फोटोला. खाली तुझं नाव हाय, मंडळाचा सचिव म्हणून. मी रिक्षा बाजूला लावून हात जोडलं, मग तुला फोन केला. निदान मना तरी सांगायचंस रं. मी काय परका हाय?"

सिद्धेश रेवदंड्याच्या शाळेत मराठी शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचा. भागोजी त्याच पार्टीतला ताशेवाला. आणि दयारामतात्या म्हणजे त्या दोघांचंच काय, पलीकडे मुरुडपर्यंतच्या सगळ्या बेंजो पार्ट्यांचं मूळ.

चाळीस वर्षांपूर्वी तात्या, गावाचे कॅप्टन, जहाजावरून घरी परतले ते एक गिटार आणि परदेशी तबकड्यांची एक पेटी घेऊन. त्या तबकड्यांवर एल्व्हिस प्रेस्ली होता, चक बेरी होता, लिटल रिचर्ड होता. गावात त्यांची नावं कुणाला घेता येत नव्हती. पण तात्यांनी त्यांच्या गाण्यांतला ताल उचलून गिटारीवर एक करामत बसवली आणि ती एका हळदीत वाजवली. सूर तारेवरून घसरत यायचा, दोनदा अडखळायचा आणि तिसऱ्यांदा अंगणातल्या पोरीसारखा उडी मारायचा. लोक तिला 'तात्याची पलटी' म्हणू लागले. तेव्हापासून या किनाऱ्यावरची एकही हळद पलटीवाचून लागली नाही. मिठागरात उभा जन्म काढलेल्या म्हाताऱ्या पलटी ऐकली की कमरेवर हात ठेवून अशा काही हलायच्या, की अमेरिकेतल्या त्या दिग्गजांनी टोपी काढली असती. ज्याचं गाणं त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, चाल मात्र सगळ्यांच्या अंगात होती. जात्यावरच्या ओवीचंही याहून वेगळं काही नसतं.

पण एक खोट होती. तात्यांची पलटी सगळे वाजवत, आणि सगळ्यांची कुठंतरी कमी पडत असे. दोन मात्रांची जागा रिकामी राहायची. ती काय आहे हे फक्त तात्यांना ठाऊक होतं, आणि तात्यांनी गिटार खाली ठेवून बावीस वर्षं झाली होती. एका हळदीत कुणीतरी माइकवर त्यांना 'बेंजोवाले दयाराम' म्हटलं. "ही गिटार हाय," एवढंच बोलून तात्यांनी ती पेटीत घातली, ती पेटी पुन्हा उघडली नाही.

आता तात्या एक्क्याऐंशी वर्षांचे होते. उजव्या हाताला कंप सुटला होता. तो वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाले होते. सिद्धेशने पाच महिने त्यांच्या ओटीवर खेपा घातल्या, तेव्हा कुठं मागच्या मंगळवारी तात्या म्हणाले होते, "बरं. एकदा वाजवतो. पुन्हा विचारू नको." म्हणून आज संध्याकाळी सहा वाजता समाजमंदिराच्या अंगणात कार्यक्रम होता: रॉक अँड रोलच्या दिग्गजांना मानवंदना. जे वाजेल ते आज वाजेल, नाहीतर तात्यांबरोबर जाईल.

आणि तात्यांना एका 'बेंजो' शब्दाचा एवढा राग आला होता. 'कै.'चा किती येईल?

त्याने अलिबागला फ्लेक्सवाल्या हर्षदला फोन लावला.

"हर्षद, अरे कॅप्टन दयाराम जिवंत आहेत!"

"अरे वा! अभिनंदन, सर."

"अभिनंदन काय? मी लिहून दिलं होतं, 'कॅ. दयाराम'. क वर चंद्र! तू मात्रा कशा दिल्यास?"

"हां हां, ते बघितलं मी. वर तिघांना कै. होतं ना? कै. एल्व्हिस प्रेस्ली, कै. चक बेरी, कै. लिटल रिचर्ड. आणि चौथ्याला चंद्र. म्हटलं, सरांचा हात घसरला. शिक्षक माणूस, घाईत असतील. मी आपणहून दुरुस्त केलं."

"आणि हार?"

"तिघांना हार घालून एकट्या गाववाल्याला वगळायचं? वाईट दिसतं हो ते. त्यांना काय वाटलं असतं?"

"त्यांना आता काय वाटेल, हर्षद?"

पलीकडे हर्षदने मशीन थांबवलं. "सर, नवीन छापायला सोमवार उजाडेल. भाऊंचा वाढदिवस आहे, बावीस फ्लेक्स आहेत. तुमचे तिन्ही माझ्या माणसाने पहाटेच लावले. नाका, बंदर आणि एसटी स्टँड. तुम्ही एक करा, त्या मात्रा खोडून चंद्र काढा. हाताने. बेमालूम होईल."

सिद्धेशची बायको कल्पिता ओट्याशी उभी राहून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "वेलांटी चुकली की पोरांचा अर्धा गुण कापता. आता माणूस कापलात."

"मी बरोबर लिहिलं होतं!"

"आणि त्या एल्व्हिसला कैलासवासी कुणी केलं? तो कधी गेला कैलासाला?"

"मग वारलेल्या माणसाला काय लिहायचं?"

"नुसतं नाव लिहायचं. एवढ्या मोठ्या माणसाला पुढं टेकू कशाला लागतो?" तिने खणातून काळ्या चिकटपट्टीचं रीळ काढून त्याच्या हातात दिलं. "खोडायच्या भानगडीत पडू नका. सरळ झाका. आणि आधी तात्यांच्या घरी जा."

तो आधी नाक्यावर गेला. चुकला तो इथंच.

भागोजीने रिक्षा फ्लेक्सखाली लावली आणि सिद्धेश तिच्या टपावर चढला. वर चौघांचे फोटो एका ओळीत होते. तिघे परदेशी, केसांचे तुरे काढलेले, आणि चौथे तात्या, डोळे किलकिले करून जणू त्या तिघांकडे कोण ही माणसं म्हणून बघताहेत. सिद्धेशने 'कै.'वर काळी पट्टी आडवी लावली. ती तिरकी बसली. ती सरळ करायला त्याने दुसरी लावली. खाली उतरून बघतो तो, तात्यांच्या नावावर आणि फोटोच्या कोपऱ्यावर जाड काळी फीत, शोकसभेत लावतात तशी.

पानाच्या टपरीवरून एकजण म्हणाला, "बरं केलंत मास्तर. सकाळपासून नुसता हारच व्हता, काळी पट्टी न्हवती. चुकल्यागत वाटत व्हतं."

"अहो, तात्या जिवंत आहेत!"

"व्हय, व्हय," तो माणूस डोळे मिटून म्हणाला, "अशी माणसं मरत न्हायत."

सिद्धेश धावत जाऊन रिक्षात बसला. "बंदरावर चल. लवकर."

बंदरावर सुकत घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांमागे दुसरा फ्लेक्स फडफडत होता आणि त्याच्यासमोर पाचसहा बायका डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. रोज जिथं रेडिओ ठणठणतो तिथं आज कुणी आवाज करत नव्हतं. टोपल्या खाली ठेवलेल्या होत्या. त्यांच्यातली रखमा, जिचा आवाज वाऱ्याच्या दिशेने असला तर समोरच्या किनाऱ्यावर जातो, पुढं आली.

"मास्तर, मयत किती वाजता?"

"मयत नाही गो रखमाताई! सहा वाजता कार्यक्रम आहे."

"सहाला?" रखमाने मागं वळून हाक दिली, "सहाला गो! मास्तर बोलतोय, सहाला! होड्यांवाल्यांना सांगा, सहाच्या आत या म्हणावं!"

"अगं, मयत नाही, कार्यक्रम..."

"तेच रं बाबा. तू नको बोलू, तुझा ऊर भरून आलाय." तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताला मासळीचा आणि मायेचा वास होता. "माझ्या हळदीत वाजवलं त्यानं. नवरा कसा हाय ते मी नंतर बगितलं, आधी तात्याची पलटी आयकली. सगळी कोळवाडी येनार बग आज."

आजवर गावातल्या एकाही कार्यक्रमाला चाळीसपेक्षा जास्त माणसं आली नव्हती. आज गाव लोटणार होतं, तेही पांढऱ्या कपड्यात. आणि तात्या गिटार घेऊन अंगणात पाऊल ठेवणार, तो समोर शोकाकुल गाव! सिद्धेशने तिसऱ्या फ्लेक्सचा नाद सोडला. "भागोजी, तात्यांच्या घरी. लोक पोचायच्या आत."

तात्यांचं घर खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवर, चार पोफळींच्या सावलीत होतं. रिक्षा थांबली आणि आतून येसूबाईंची आरोळी आली.

"अरे मेल्या! मेल्या रं! असा कसा गेलास?"

भागोजीने रिक्षातच हात जोडले. क्षणभर सिद्धेशला वाटलं, आपण लिहिलं आणि तसं झालं. आपल्या हस्ताक्षरात काहीतरी आहे.

येसूबाई म्हणजे तात्यांची थोरली बहीण, पंचाऐंशीची. धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात देवांना गाणं गाऊन बोलावते ती बाई. सिद्धेश ओटीवर चढला. आत येसूबाई हातात ॲल्युमिनियमचा डबा घेऊन दाराकडे बघून ओरडत होत्या.

"डबा हितंच ठेवला आनि गेला मेला! आता वाटेत काय खाईल, हवा?"

सिद्धेश भिंतीला धरून खाली बसला. तेव्हा त्याला दिसलं की माजघरात आधीच तीन शेजारणी बसल्यात, पुढ्यात फडक्याने झाकलेल्या टोपल्या घेऊन. ज्या घरात माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही, म्हणून भाकरी आणि पिठलं घेऊन आलेल्या. येसूबाईंना अर्धं दिसत होतं आणि पाव ऐकू येत होतं. त्या खूष होत्या.

"बग रं सिद्धू, कार्यक्रम हाय म्हनून ह्यांनी जेवान आनलं. किती चांगली मानसं! मी बोलले, चा करते, तर घेत न्हाईत."

एका शेजारणीने डोळ्याला पदर लावून हळूच विचारलं, "आत्ये, कधी गेलं तात्या?"

"सकाळचाच. चार वाजता उठला, आंघोळ केली, देवाला हात जोडला आनि गेला."

"त्रास न्हाय ना झाला?"

"त्याला कसला त्रास? दोन दिस झोप न्हवती, नुसता ह्या कुशीवरना त्या कुशीवर. आता सुटला."

"सोन्यासारखं मरण," दुसरी पुटपुटली.

"व्हय, सोन्यासारखी मुलगी," येसूबाई म्हणाल्या. "प्राप्ती. माजी भाची न्हवं का ती? तिच्याकडंच गेलाय, मानगावला. पिशी घेऊन."

शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं. म्हातारीला धक्का बसलाय, असं त्यांच्या नजरांनी ठरवलं. पण सिद्धेश ताडकन उठला. माणगावला! पिशवी घेऊन! म्हणजे तात्यांनी नाक्यावरचा फ्लेक्स पाहिला. एका शब्दासाठी बावीस वर्षं पेटी न उघडणारा माणूस एका मात्रेसाठी गाव सोडून निघाला होता.

"आत्ये, गाडी कितीची?"

"मना काय ठावं? एसटी काय मना विचारून येते?"

मागं घरात येसूबाईंनी, बायका अशा गप्प का म्हणून त्यांना बरं वाटावं यासाठी, लग्नातला धवला धरला होता. रिक्षा सुरू होईपर्यंत त्यांचा चिरका, गोड आवाज वाटेवर ऐकू येत होता:

खाडीच्या पान्याला चांदनं लागलं,
भावाच्या अंगनात पाव्हनं थांबलं...

एसटी स्टँडवर शुकशुकाट होता. शेडच्या माथ्यावर तिसरा फ्लेक्स, सगळ्यात मोठा, आणि त्याच्या बरोबर खाली बाकावर तात्या. पांढरा सदरा, मांडीवर कपड्यांची पत्र्याची छोटी पेटी, पायाशी पिशवी. मान मागं टाकून ते स्वतःच्या हार घातलेल्या फोटोकडे एकटक बघत होते.

सिद्धेश त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. भागोजी रिक्षातून उतरलाच नाही.

"तात्या..."

"फोटू चांगला आलाय," तात्या म्हणाले. "कवाचा?"

"प्राप्तीताईच्या लग्नातला. तात्या, माझं ऐका. ही माझी चूक नाही. म्हणजे चूक माझीच, पण मी चंद्र काढला होता. 'कॅ.' लिहिलं होतं मी. त्या हर्षदने त्याचं 'कै.' केलं. मी चार ठिकाणी माफी मागतो, माइकवरून मागतो, पण तुम्ही जाऊ नका."

तात्यांचा चेहरा उतरला. "म्हंजे तू कॅप्टनच लिवला व्हता?"

"शपथ घेतो, कॅप्टनच लिहिलं होतं!"

"आनि पुसला तो त्या पोरानं?"

"हो. गाढवाने."

"गाढव नको बोलू," तात्या म्हणाले. "गुनी पोरगा हाय."

तात्यांनी बाकावर हात आपटून त्याला शेजारी बसवलं.

"परवा तू मोबायलवर पत्रक पाठवलंस ना. प्राप्तीनं फोनवं वाचून दाखवलं. कॅप्टन दयाराम यांची विशेष उपस्थिती. तवापासून माझी झोप उडली. म्हनून चाललो व्हतो." त्यांनी आवाज खाली आणला. "मी कॅप्टन न्हवतो रं कधी."

"म्हणजे?"

"भटारखान्यात व्हतो. बटाटं सोलायचो, कांदं कापायचो. एकवीस वर्सं. उतरलो त्या दिवशी ऊन लय व्हतं, म्हनून कॅप्टनानं टाकून दिलेली टोपी डोक्याव घातली. बंदरावं कोनतरी ओरडला, कॅप्टन आला, कॅप्टन आला! मी मनात बोल्लो, आज सगळी खुशीत हायत, उद्या सांगू." तात्यांनी सुस्कारा सोडला. "चाळीस वर्सं झाली. तो उद्या उगवलाच न्हाय. बोलन्यातलं खोटं वाऱ्यावं जातं, मास्तर. पर हे दहा फुटी अक्षरात. कोनी जहाजावला मानूस येनार, बगनार, विचारनार, कोनतं जहाज, कोनता परवाना..."

"मग सकाळी गाडी का नाही पकडलीत?"

"हितं आलो, वर बगितलं, आनि कॅप्टन न्हाय! मना वाटलं, मास्तरला सगळं कळलं आनि त्यानं गुमान सुधारलं. दोन गाड्या गेल्या. उठवलंच न्हाय. छातीवरना धोंडा उतरल्यागत झाला."

"पण तात्या, हेही खोटंच आहे ना! तुम्ही जिवंत आहात."

"व्हय," तात्या म्हणाले. "पर कॅप्टन मी ह्या जन्मात व्हनार न्हवतो. हे दुसरं कधी ना कधी व्हनारच हाय. ऱ्हाऊ दे."

सिद्धेशला हसू फुटलं आणि डोळेही भरले, आणि यातलं कुठलं आधी आवरावं हे कळेना. मग त्याला एकदम आठवलं. "पण मग पलटी? ती तर जहाजावरच्या मोठ्या मोठ्या पार्ट्यांत बसवली असं सगळे..."

"पार्टी वर. मी खाली." तात्यांनी पेटी मांडीवर आडवी घेतली. "आमच्या भटारखान्यात रेडू व्हता. ती मानसं गायची, आनि मी त्यांच्या नादात कांदं कापायचो. ती गोरी, ती काळी, मना काय ठावं? मना एवढं ठावं, ह्यांच्या तालाव डोळ्यातनं पानी येत न्हाय. ही बग." कापरा उजवा हात त्यांनी पत्र्यावर आडवा धरला, सुरीसारखा. खट खट, खटखट. पेटीवर हात पडताच कंप कुठं गेला कोण जाणे, की तो कंपच तालात मिसळला. "हे कापनं. हे तुमी सगळी वाजवता. आनि मग कापलेला कांदा सुरीनं फळीवरना ढकलायचा." त्यांचं बोट पत्र्यावरून घासत गेलं. सर्र, सर्र. "हे सोडता तुमी. कांदा फळीवंच ठेवता."

त्या दोन रिकाम्या मात्रा. बावीस वर्षं या किनाऱ्यावरच्या प्रत्येक हळदीत ज्यांची जागा राहिली होती त्या दोन मात्रा एसटी स्टँडच्या बाकावर सापडल्या. सिद्धेशने गुडघ्यावर वाजवून पाहिलं. चुकलं. पुन्हा वाजवलं. तात्यांनी त्याचं मनगट धरून ओढलं, "ढकल, ढकल, लाजू नको." रिक्षातून भागोजीची दोन बोटं सीटवर सुरू झाली.

रोह्यावरून माणगावला जाणारी गाडी आली. कंडक्टरने दारातून विचारलं, "आजोबा, माणगाव?"

"न्हाय रं. मना सहाला मयताला जायचाय."

"कोणाच्या?"

तात्यांनी वर बोट केलं. कंडक्टरने फ्लेक्सकडे पाहिलं, मग खाली तात्यांकडे, आणि कुणी चढायच्या आतच घंटी दिली.

सहाच्या सुमाराला समाजमंदिराच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कोळवाडी आली होती, मिठागराकडची माणसं आली होती, पांढरे कपडे, खाली घातलेल्या माना. तात्या कुठे आहेत हे कुणी विचारत नव्हतं. आत ठेवलं असेल, असं सगळ्यांनी धरलं होतं. सिद्धेश माइकपाशी गेला. पुढं काय लावायचं, कॅप्टन की कैलासवासी, की आणखी काही, हे त्याला अजूनही ठरवता येत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "दयाराम."

तात्या गिटार घेऊन मागच्या दाराने आले आणि खुर्चीवर बसले.

कुणीतरी किंचाळलं. मयताला आलेल्या माणसांनी टाळ्या वाजवाव्या की नाही, याचा कुठं काही रिवाज नव्हता. पुढच्या रांगेतली रखमा झेंडूचा भलामोठा हार दोन्ही हातांत धरून उठली. एवढा खर्चाचा हार आणलाय तर घालायलाच हवा, या घाईने ती तात्यांच्या गळ्यापर्यंत पोचली.

तात्यांनी तार जुळवत मान बाजूला केली.

"हार ऱ्हाऊ दे गो. तो नंतर. आधी आईक."